रोनाल्डोचा उजवा गुडघा: तुटला सात मिनिटांत, दुखत होता चार वर्षं

आधीच सांगतो, हा रोनाल्डो म्हणजे ब्राझीलचा, रोनाल्डो लुईस नाझारियो दे लिमा. पोर्तुगालवाल्याचे फॅन्स उगाच अंगावर येऊ नका.

१२ एप्रिल २००० ची ती क्लिप बहुतेक फुटबॉलवाल्यांनी कधी ना कधी बघितलेली असते. रोमचं ऑलिंपिको स्टेडियम, कोप्पा इटालिया म्हणजे इटलीच्या कपाच्या दोन मॅचच्या फायनलची पहिली मॅच (लेग), लाझिओ विरुद्ध इंटर मिलान. साडेचार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालेला रोनाल्डो सेकंड हाफमध्ये सब म्हणून आत येतो, सगळं स्टेडियम उठून बघतंय, सहा-सात मिनिटं होतात, बॉल पायात घेऊन तो पेनल्टी बॉक्सच्या दिशेने निघतो, समोरच्या डिफेंडरला चकवायला पाय बॉलवरून फिरवतो (ह्याला स्टेपओव्हर म्हणतात) आणि खाली बसतो. कुणी लाथ मारली नाही, टॅकल नाही, धक्काही नाही. गुडघा धरून ओरडतोय, आणि लाझिओचे प्लेयर पण डोक्याला हात लावून उभे. वय तेवीस.

ह्या केसबद्दल कुठेही वाचा, गोष्ट बहुतेक अशीच सांगितलेली असते, की बिचाऱ्याचं नशीब फुटकं, कमबॅकच्याच मॅचला घात झाला. मला हे पटत नाही. नशिबाचा भाग असेल थोडा, पण त्या रात्री जे तुटलं ते तुटायची तयारी साधारण १९९५-९६ पासून चालू होती आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालू होती. म्हणून ही केस नीट उलगडून लिहावीशी वाटली, कारण आज अठरा-वीस वर्षांची जी पोरं प्रोफेशनल खेळतायत आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय म्हणून स्प्रे मारून ग्राउंडवर उतरतायत त्यांचं दुखणं हेच आहे. फरक इतकाच की त्यांची क्लिप कोणी बघत नाही.

तुटलं काय, ते आधी

गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या हाडावर जो छोटा उंचवटा लागतो तिथपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो म्हणजे पॅटेलर टेंडन. आत्ता खुर्चीत बसून पाय सरळ ताणा आणि वाटीच्या खाली बोट ठेवा, कडक लागेल तोच. मांडीचा पुढचा सगळा स्नायू, म्हणजे क्वाड्स, जो काही जोर लावतो तो वाटीवरून ह्या पट्ट्यातून नडगीला पोचतो. पळणं, उडी, किक, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ब्रेक मारणं, फुल स्पीडमध्ये येऊन एका पावलात थांबणं आणि दिशा बदलणं, ह्या सगळ्याचा भार ह्याच्यावर. किती भार? १९७७ मध्ये एक पेपर आला होता, एका वेटलिफ्टरचा हा टेंडन चक्क स्पर्धेत शूटिंग चालू असताना तुटला, आणि त्या फिल्मवरून संशोधकांनी हिशोब केला तर तुटताना त्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण साडेसतरा पट ओढ होती. म्हणजे चांगला धडधाकट टेंडन तुटायला इतकं लागतं. फुटबॉलमध्ये एका स्टेपओव्हरला एवढा भार येत नाही. मग स्टेपओव्हरला तुटला म्हणजे तो धडधाकट नव्हता.

टेंडन आतून दोरखंडासारखा असतो, कोलॅजनचे बारीक बारीक पेड एका दिशेने घट्ट वळलेले. जुनाट दुखण्यात होतं काय तर काही पेड सुटतात, त्यांची दिशा बिघडते, मध्ये चिकट पाणचट पदार्थ भरतो, नको तिथे नवीन बारीक रक्तवाहिन्या घुसतात. सूज फारशी नसतेच, त्यामुळे सुजेच्या गोळ्या खाऊन आतला बिघाड दुरुस्त होत नाही, दुखायचं थोडं कमी होतं इतकंच. आणि वाईट गोष्ट ही की असा टेंडन वर्षानुवर्षं कामही देतो. १९९१ मध्ये कान्नुस आणि योझा ह्या दोघांनी आपोआप तुटलेले ८९१ टेंडन मायक्रोस्कोपखाली तपासले, त्यात ९७ टक्क्यांमध्ये आधीपासून बिघाड होता. आणि तुलनेसाठी जे न तुटलेले टेंडन बघितले त्यातल्याही जवळपास एक तृतीयांशात बिघाड सापडलाच. म्हणजे दुखत नाही म्हणून बरं आहे असं नाही, आणि अचानक तुटला म्हणजे अचानक बिघडला असंही नाही.

ह्या एका आकड्यावरच खरं तर रोनाल्डोच्या केसचं अर्धं निदान होतं.

आधीचा इतिहास

रिओच्या बेंतो रिबेरो भागातला पोरगा, जन्म सप्टेंबर १९७६. सोळाव्या वर्षी क्रुझेरोकडून प्रोफेशनल, सतराव्या वर्षी १९९४ च्या वर्ल्डकप स्क्वॉडमध्ये, खेळायला मिळालं नाही पण मेडल गळ्यात. लगेच हॉलंडला पीएसव्ही आइंडहोवनकडे. पहिल्या सीझनला लीगमध्ये ३० गोल. अठरा वर्षांचा मुलगा, नवीन देश, नवीन थंडी, मोठ्या माणसांबरोबर रोज ट्रेनिंग, आणि अंगाने तो तिथे भराभर भरला. पातळसा पोरगा दोन वर्षांत दणकट झाला. स्नायू लोडला लवकर दाद देतात, टेंडनला वेळ लागतो. इंजिन मोठं झालं आणि पट्टा तोच राहिला असं म्हणा हवं तर. ह्यावर वर्षानुवर्षं लोक बोलत आलेत, मी त्याला एकमेव कारण म्हणणार नाही, पण वाढत्या वजनाचा ह्या दुखण्याशी संबंध आहे हे नंतरच्या अभ्यासांतही दिसलंय.

दुसऱ्या सीझनला गुडघा बोलायला लागला. १९९५-९६ मध्ये तो लीगच्या जेमतेम १३ मॅच खेळला (त्यातही १२ गोल, काय बोलणार), आणि १९९६ च्या सुरुवातीला उजव्या गुडघ्यावर पहिलं ऑपरेशन. वय एकोणीस. वाढीच्या वयात खेळणाऱ्या मुलांमध्ये जिथे हा टेंडन नडगीला चिकटतो तो उंचवटा ओढ खाऊन दुखतो, फुगतो, त्याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात, आणि रोनाल्डोच्या संदर्भातही ह्याचा उल्लेख वारंवार येतो. बहुतेक मुलांचं हे वाढ थांबली की थांबतं. काहींचं पूर्ण थांबत नाही.

त्याचा फिजिओ निल्टन पेट्रोने, ज्याला सगळे फिले म्हणतात, त्याने नंतर मुलाखतींमध्ये अजून एक गोष्ट सांगितली की रोनाल्डोच्या मांडीच्या हाडात वाटी सरकायची जी खाच असते तिची ठेवणच जन्मतः थोडी सदोष होती, त्यामुळे वाटी रुळावरून नीट चालायची नाही. हे खरं धरलं तर केस अजून स्पष्ट होते. शंभर किलोमीटरच्या स्पीडने चालवायच्या गाडीची अलाइनमेंट पहिल्यापासून आउट.

आता इथे एक साधा हिशोब मांडतो, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. १९९६ च्या सुरुवातीला ऑपरेशन झालं. त्याच उन्हाळ्यात अटलांटा ऑलिंपिक, ब्राँझ मेडल, पाच गोल. तिथून बार्सिलोना, एका सीझनमध्ये ४९ मॅच आणि ४७ गोल, ज्यात तो कॉम्पोस्टेलाविरुद्धचा गोल आहे, शर्ट ओढतायत, लाथा घालतायत आणि हा पळतोच आहे. १९९७ च्या उन्हाळ्यात कोपा अमेरिका, ब्राझील चॅम्पियन, हा बेस्ट प्लेयर. तिथून इंटर, ४७ मॅच, ३४ गोल, युएफा कप. १९९८ च्या उन्हाळ्यात वर्ल्डकप, फायनलपर्यंत सगळ्या मॅच, गोल्डन बॉल म्हणजे बेस्ट प्लेयरचं बक्षीस, आणि फायनलच्या दिवशी तो आकडीचा प्रकार (त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे नको). १९९९ च्या उन्हाळ्यात परत कोपा अमेरिका, परत चॅम्पियन, आणि रिवाल्डोबरोबर टॉप स्कोअरर. सलग चार उन्हाळे. युरोपियन प्लेयर ज्या जून-जुलैमध्ये बीचवर पडलेला असतो ते दोन महिने ह्या माणसाला चार वर्षांत एकदाही धड मिळालेले नाहीत, आणि गुडघ्यावर ऑपरेशन झालेलं आहे हे सगळ्यांना माहितीये.

टेंडनचं गणित असं आहे की जोराचं ट्रेनिंग झालं की पहिले चोवीस-छत्तीस तास आत कोलॅजन जास्त तुटतं आणि कमी बनतं. नंतर बनणं वरचढ होतं. मध्ये पुरेसा गॅप मिळाला तर टेंडन हळूहळू बळकट होतो, गॅपच्या आधी परत मॅच आली की उधारी वाढत जाते. बुधवारी युएफा कप, रविवारी सेरी आ म्हणजे इटलीची टॉप लीग, मध्ये एक फ्लाइट साओ पावलोची, ही उधारी फेडायची कधी?

१९९८-९९ मध्ये ती दिसायला लागली. इंटरने त्या सीझनला चार कोच बदलले, घरात कोणाचा पायपोस कोणाला नाही, आणि रोनाल्डो गुडघ्यामुळे आत-बाहेर. लीगच्या १९ मॅच, १४ गोल. आता गंमत बघा, १४ गोल आहेत म्हणून कोणी थांबवत नाही. हेच जर साधा डिफेंडर असता आणि त्याचा खेळ खालावला असता तर त्याला बेंचवर बसवलं असतं आणि नकळत त्याच्या गुडघ्याचं भलं झालं असतं. अर्ध्या फिटनेसवर पण जो सगळ्यांपेक्षा भारी खेळतो त्याला विश्रांती द्यायची हिंमत कोणता कोच करणार, आणि क्लबने जगातली सगळ्यात मोठी रक्कम मोजलेली. आपल्याकडे दुखणं अंगावर काढणं म्हणतात, ते माणूस स्वतः काढतो. इथे अख्ख्या सिस्टिमने मिळून ते त्याच्या अंगावर काढलं.

पहिली फाट, आणि चुकलेला कमबॅक

२१ नोव्हेंबर १९९९, सान सिरो, इंटर विरुद्ध लेच्चे. इंटर ६-० ने जिंकते, रोनाल्डो पेनल्टीवर गोल करतो, आणि त्याच मॅचमध्ये उजवा गुडघा जायबंदी होतो. निदान: पॅटेलर टेंडन अर्धवट फाटला. ३० नोव्हेंबरला पॅरिसच्या पिते-साल्पेत्रिएर हॉस्पिटलमध्ये प्रोफेसर जेरार सायां ऑपरेशन करतात. सर्जन म्हणून ह्या माणसाचं नाव फार मोठं, त्यात खोट काढायला जागा नाही.

आता ३० नोव्हेंबर ते १२ एप्रिल मोजा. साडेचार महिने. मधल्या काळात मीडिया रोज विचारतंय कधी येणार, कधी येणार. त्यात त्याचा मुलगा त्या फायनलच्या आठवडाभर आधी जन्मलेला. इंटरचा तो सीझन कपावरच टिकलेला, कोच मार्चेल्लो लिप्पी, समोर लाझिओ जे त्या वर्षी लीगही जिंकले. ह्या परिस्थितीत बेंचवर रोनाल्डो बसलाय आणि स्टेडियम त्याच्या नावाने ओरडतंय, कोणता माणूस त्याला उतरवणार नाही? मी लिप्पीला एकट्याला धरत नाही. उतरवायला डॉक्टरांची मंजुरी होती, प्लेयर स्वतः उतावळा होता.

पण विचार करा, सांधलेला टेंडन साडेचार महिन्यांत कुठे असतो. जखम भरलेली असते, चालताना दुखत नाही, जॉगिंग होतं, सायकल होते, बॉल मारता येतो. आतला नवीन टिश्यू मात्र अजून कच्चा असतो, पेड अजून ओढीच्या दिशेत बसलेले नसतात, ते बसायला वर्ष पण लागतं. पूर्ण फाटलेल्याला आज सहा ते नऊ महिन्यांच्या आत कोणी शहाणा फिजिओ मॅचचं नाव काढत नाही, आणि तेही ताकद मोजून, दोन्ही पायांची तुलना करून, उड्या मारायला लावून. रोनाल्डोचा अर्धवट फाटलेला होता हे मान्य, पण त्या टेंडनमागे चार वर्षांचा बिघाड आणि आधीचं एक ऑपरेशन होतं. कोऱ्या टेंडनचं टाइमटेबल त्याला लावून चालणार नव्हतं. शिवाय मांडी. ऑपरेशननंतर क्वाड्स इतके झपाट्याने वाळतात की बघून धक्का बसतो, एका पायाची पँट सैल होते अक्षरशः, आणि ते परत भरायला सगळ्यात जास्त वेळ जातो. कमकुवत मांडीने ब्रेक मारला की झटका सरळ टेंडनवर.

आणि परतायची पहिली टेस्ट कोणती, तर फायनल. रिझर्व टीमबरोबर वीस मिनिटं नाही, थर्ड डिव्हिजनवाल्यांशी फ्रेंडली नाही, फायनल. त्यात त्याने केलं काय तर जे तो जगात सगळ्यात भारी करायचा तेच, फुल स्पीडमध्ये येऊन गुडघा वाकवून स्टेपओव्हर. ह्या एका मूव्हमध्ये वाकलेल्या गुडघ्यावर शरीराचा सगळा वेग थांबवायचा असतो, स्नायू लांब होत असतानाच जोर लावत असतो, म्हणजे टेंडनची सगळ्यात वाईट अवस्था. फिलेने नंतर सांगितलंय की वाटी सरकून पार मांडीच्या मध्यापर्यंत वर गेली होती. खालून धरून ठेवणारा पट्टाच तुटला तर क्वाड्स तिला वर खेचणारच. क्लिप थांबवून बघायची हिंमत असेल तर दिसतं, मी एकदा बघितलंय, परत नाही बघणार.

इंटर ती मॅच २-१ ने हरली, दुसरी लेग ०-०, कप लाझिओचा. दुसऱ्याच दिवशी रोनाल्डो परत पॅरिसला, परत सायांच्याच टेबलवर.

त्या काळच्या लोकांना झोडपताना एक गोष्ट लक्षात ठेवायला पाहिजे. जुनाट टेंडनला आराम देऊन नाही तर मोजून मापून भार देऊन बरं करायचं ही गोष्ट तेव्हा नवी कोरी होती. स्वीडनच्या आल्फ्रेडसनचा टाचेच्या टेंडनवरचा तो गाजलेला पेपर १९९८ चा. उतरत्या फळीवर उभं राहून एका पायाने सावकाश खाली बसायचं, पंचवीस अंशांच्या उतारावर, तीन सेट पंधराचे, दिवसातून दोनदा, बारा आठवडे, हा जो व्यायाम आज प्रत्येक फिजिओच्या क्लिनिकमध्ये दिसतो त्याचे पॅटेलर टेंडनवरचे पेपर २००० नंतर आले. जड वजनाने सावकाश स्क्वॉट आणि लेग प्रेस करण्यावरचा महत्त्वाचा पेपर २००९ चा. भिंतीला टेकून किंवा मशीनवर न हलता ४५-४५ सेकंद ताण धरून ठेवला की दुखणं पाऊण तास तरी उतरतं, हे मॅचच्या दिवशी वापरण्यासारखं ज्ञान तर २०१५ चं. म्हणजे १९९६ मध्ये रोनाल्डोच्या हातात होतं काय, तर बर्फ, गोळी, आराम आणि परत ग्राउंड. आरामाने दुखणं जातं आणि टेंडन अजून ढिला पडतो, मग एकदम मॅच, मग परत दुखणं. हा फेरा कुठल्याही जुनाट गुडघ्यावाल्याला विचारा, तो तोंडपाठ सांगेल.

तरी कॅलेंडर वाचायला कुठला पेपर लागत नव्हता.

दुसरा कमबॅक का जमला

२०००-०१ चा अख्खा सीझन तो खेळला नाही. एक मॅच नाही. लोकांनी करिअर संपलं म्हणून लिहून टाकलं, आणि आकडे बघितले तर त्यांचं चूक नव्हतं. तो फिलेबरोबर दिवसदिवसभर रिहॅब करत बसला. गुडघा वाकवणं, जो ऑपरेशननंतर लाकडासारखा होतो, एक एक अंश मिळवत वाकवणं, मग मांडी, मग चालणं, मग पळणं. इंटरचा मालक मास्सिमो मोरात्ती पगार देत राहिला आणि वाट बघत राहिला, आणि कौतुक करायचं तर इथे त्या माणसाचं करायला पाहिजे.

कॉम्पिटिटिव्ह मॅचमध्ये तो परत उतरला सप्टेंबर २००१ मध्ये, युएफा कपात, रोमानियाच्या ब्राशोव्हविरुद्ध. सतरा महिने. पहिल्या वेळचे साडेचार, दुसऱ्या वेळचे सतरा. अर्थात दुसऱ्यांदा पूर्ण तुटला होता म्हणून वेळ जास्त लागणारच, पण फक्त तेवढंच कारण नाही. ह्या वेळी समोर कुठली फायनल टांगलेली नव्हती.

परत आल्यावर गोष्ट सरळ झाली असंही नाही. गुडघा टिकला पण मांडीचे स्नायू सारखे जायला लागले, थोडं खेळ, पुन्हा बाहेर. लीगमध्ये त्या सीझनला एकूण दहा मॅच, सात गोल. दीड-दोन वर्षं न वापरलेल्या पायाकडून एकदम सेरी आ चा स्पीड मागितला की असंच होतं, आणि जुनाट गुडघ्यावाल्या प्लेयरची पुढची इंजुरी बऱ्याचदा गुडघ्याची नसतेच. ओवेन हारग्रीव्ह्सचं बघा, मँचेस्टर युनायटेडचा, ह्याच टेंडनचं दुखणं, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं, दोन वर्षं वनवास, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये वुल्व्ह्सविरुद्ध टीममध्ये परत आला तर काही मिनिटांत हॅमस्ट्रिंग धरून बाहेर. त्याच्या वाट्याला पुढे रोनाल्डोसारखी योकोहामाची वर्ल्डकप फायनल आली नाही.

५ मे २००२ ला इंटर लीग जिंकायच्या उंबरठ्यावर होती आणि लाझिओकडून ४-२ ने हरली. तेच ऑलिंपिको स्टेडियम. बेंचवर बसून रडणारा रोनाल्डो सगळ्या जगाने बघितला. ब्राझीलमध्ये तर पब्लिकला जुना स्टार रोमारिओ पाहिजे होता, नुसता जनमताचा रेटा, आणि कोच स्कोलारी बधला नाही, त्याने रोमारिओला घरी ठेवलं आणि ह्या अर्धवट फिट माणसाला वर्ल्डकपसाठी कोरियाला नेलं. कोल्हापुरात वर्ल्डकपला गल्लीगल्लीत ब्राझील नाहीतर अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, तिथल्या ब्राझीलवाल्यांना पुढचं मी सांगायची गरज नाही. सात मॅच, आठ गोल. फक्त इंग्लंडविरुद्ध गोल नाही, आणि त्याच मॅचमध्ये मांडीमुळे बाहेर यावं लागलं. सेमीफायनलच्या आधी ती कपाळावर त्रिकोणी केसांची भयंकर कटिंग, जी त्याने नंतर सांगितलं की लोकांनी पायाबद्दल विचारायचं सोडून केसांबद्दल बोलावं म्हणून केली होती. चाललं ते. ३० जूनला योकोहामात जर्मनीविरुद्ध दोन गोल.

इथे थांबून ती मॅच नीट बघितली तर अजून एक गोष्ट दिसते. हा १९९७ चा रोनाल्डो नाही. हाफलाइनपासून पाच जणांना घेऊन पळणारा गेला तो गेलाच. २००२ वाला बॉक्सच्या आसपास राहतो, कमी पळतो, कमी टच घेतो, जर्मनीविरुद्धचा पहिला गोल म्हणजे गोलकीपर ओलिव्हर कानच्या हातातून सुटलेला बॉल ढकलला, दुसरा म्हणजे रिवाल्डोने सोडलेला बॉल कोपऱ्यात. तुर्कीविरुद्ध सेमीफायनलला तर बुटाच्या टोकाने. लोक म्हणतात गुडघ्याने त्याचा खेळ मारला. मला वाटतं त्याने गुडघ्याला परवडेल असा खेळ शोधला, आणि हे रिहॅबच्या कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसतं. तरुण प्लेयरला हे सगळ्यात अवघड जातं, कारण त्याची ओळखच स्पीडवर असते. पुढे रेयाल माद्रिदकडे १७७ मॅच, १०४ गोल, ओल्ड ट्रॅफर्डवर हॅटट्रिक, सगळं ह्याच नव्या पद्धतीने.

आज हीच केस आली तर

युरोपातल्या प्रोफेशनल क्लबांचा २००१ ते २००९ असा एक मोठा अभ्यास झालाय, त्यात दर सीझनला साधारण २.४ टक्के प्लेयरना हा टेंडनचा त्रास झाला. आकडा छोटा वाटतो. बहुतेक जण आठवड्याभरात परत ग्राउंडवर येतात हेही त्यातच दिसतं. पण पाचातली एक केस परत उलटलेली असते, आणि माझं लक्ष त्या पाचव्याकडे आहे. आठवड्यात परत आला म्हणून रेकॉर्डमध्ये ती किरकोळ इंजुरी, आणि चार किरकोळ इंजुऱ्या जोडल्या की एक जुनाट गुडघा. अशा वेळी एकेका इंजुरीचे दिवस मोजण्यात अर्थ नसतो. दर महिन्याला त्याला शंभर मार्कांचा तो व्हिसा-पी नावाचा साधा प्रश्नांचा फॉर्म भरायला लावा, किती वेळ बसता येतं, जिना उतरताना दुखतं का, उड्या किती मारता येतात, आणि मार्क खाली चालले की मॅच कमी करा, दुखणं असह्य व्हायची वाट न बघता. मॅचनंतरच्या सकाळी पहिल्या दहा पावलांना किती दुखतं हे विचारा, कारण खेळताना गरम झाल्यावर हे दुखणं लपतं आणि पोरगं खोटं न बोलताही सांगतं की काही नाही सर, पहिली दहा मिनिटं दुखतं मग जातं. हे वाक्य ऐकलं की कोचला बरं वाटतं. फिजिओला वाटू नये.

आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन सरळ टेंडनमध्ये, ह्याच्यापासून लांब. दोन आठवडे छान वाटतं आणि टेंडन मऊ पडतो.

रोनाल्डोचं पुढचं माहितीच आहे, वजन वाढलं, थायरॉइडचा त्रास निघाला, माद्रिदहून एसी मिलान. १३ फेब्रुवारी २००८ ला लिव्होर्नोविरुद्ध सान सिरोवर सब म्हणून आला आणि क्रॉसला उडी मारायला गेला, कोणी हात लावला नाही, आणि खाली पडला. पॅटेलर टेंडन पूर्ण तुटलेला. ह्या वेळी डावा. आठ वर्षं सगळं जग उजव्या गुडघ्याकडे बघत होतं, आणि उजव्याला सांभाळत सगळी कामं डावा करत होता, तोही त्याच माणसाचा, त्याच ठेवणीचा, तेवढेच उन्हाळे न झोपलेला. परत पॅरिस, परत ऑपरेशन. मार्च २००९ मध्ये कोरिंथियन्सकडून तो परत उतरला, त्या वर्षी साओ पावलो स्टेटची लीग आणि ब्राझीलचा कप दोन्ही जिंकले, आणि १४ फेब्रुवारी २०११ ला, चौतिसाव्या वर्षी, शरीर ऐकत नाही असं सांगून थांबला.